हळव्या स्टेशनवरचं भांडण

आमचं एफएम स्टेशन परभणीत एका खत-बियाणांच्या दुकानाच्या वर आहे. जिना चढताना कीटकनाशकाचा वास नाकात जातो आणि वर पोचेपर्यंत आवाज आपोआप घोगरा होतो. ऐकणाऱ्यांना वाटतं, काय सुरेख बसका आवाज आहे बाईंचा. त्यात माझं काही नाही, सगळं श्रेय खालच्या दुकानाचं.

स्टेशनच्या मालकांची कापसाची जिनिंग आहे. आयुष्यभर मशिनींचा खडखडाट ऐकून कान बेजार झाले म्हणून की काय, त्यांना शांत गाण्यांचं स्टेशन काढायची हौस आली. त्यासाठी पुण्याहून एक सल्लागार बोलावला. सल्लागाराने पहिल्याच दिवशी फळ्यावर एका माणसाचं चित्र काढलं आणि सांगितलं, हा तुमचा श्रोता. वय चाळिशीच्या आसपास, स्वतःची गाडी, संध्याकाळी खिडकीशी बसून कॉफी पितो आणि कॉलेजचे दिवस आठवतो. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. परभणीत संध्याकाळी खिडकी उघडली की कॉफीत चिलटं पडतात, हे सांगायचं धाडस कुणाला झालं नाही. त्या काल्पनिक माणसासाठी आम्ही जुनी-नवी संथ गाणी जमवली, ढोलताशा आणि डीजेवर बंदी घातली आणि 'थोडं हळू, थोडं हळवं' असं ब्रीदवाक्य घेतलं.

मी तोवर ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. तासिका तत्त्व म्हणजे दर उन्हाळ्यात नव्याने बेकार व्हायची कला. ती मला चांगली अवगत झाली होती, पण कंटाळाही आला होता. म्हणून आवाजाची चाचणी दिली आणि दुपारचा फर्माइशीचा कार्यक्रम माझ्याकडे आला. कॉफी पिणारा माणूस काही कधी फोन करायचा नाही. फोन यायचे ते शिलाई मशिनीवर बसलेल्या बायकांचे, कापूस तोलणाऱ्यांचे, थांब्यावर बस लावून डबा खाणाऱ्या ड्रायव्हरांचे. आणि जाहिराती यायच्या त्या फवारणी पंपाच्या, सोयाबीनच्या बियाण्याच्या आणि एका मूळव्याधीच्या दवाखान्याच्या. ती मूळव्याधीची जाहिरात दोन हळव्या गाण्यांच्या मधोमध असायची. 'वेदना' हा शब्द मी इतका मनापासून उच्चारायचे की एका गृहस्थांनी फोन करून ही कविता कोणाची म्हणून विचारलं होतं.

तर अशा स्टेशनवर, संक्रांत नुकतीच होऊन गेली होती तेव्हा, जिंतूरहून एक फोन आला.

बोलणारे पन्नाशी ओलांडलेले वाटत होते. त्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटरी नव्या तारा गुंडाळून चालू करून देणं आणि जमलंच तर लाऊडस्पीकरचे अॅम्प्लिफायर दुरुस्त करणं. दुकानात दिवसभर आमचंच स्टेशन लावलेलं असतं, असं त्यांनी आधी अभिमानाने सांगितलं. मग जरा थांबून म्हणाले, "ताई, आमच्या मंडळी सोनपेठला माहेरी गेल्यात. फोन उचलंनात. भावाच्या गिरणीत रेडिओ चालू असतोय, तेवढा ऐकतात. एक गाणं लावा आन् सांगा, मी चुकलो म्हनून."

मी गाण्याचं नाव विचारलं. त्यांनी एक सांगितलं. काय चुकलं ते सांगणार का, असंही विचारलं. ते घरचं हाय, म्हणाले. मी आवाज आणखी मऊ केला, सोनपेठच्या गिरणीपर्यंत पोचेल अशी क्षमायाचना केली आणि गाणं लावलं. असले फोन आमच्यासाठी दिवाळी. मी दिवसभर स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम सुरू होताच सोनपेठहून एका बाईंचा फोन. पाठीमागे गिरणीची घरघर. त्या शांतपणे म्हणाल्या, "कालच्या गाण्याचं बोलायचंय. त्यांना सांगा, ते गाणं माझ्या आवडीचं न्हाई. त्यांच्या बहिणीच्या आवडीचं हाय."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर रोज हेच. जिंतूरचे काका एक गाणं सांगायचे, दुसऱ्या दिवशी सोनपेठहून काकूंचा फोन यायचा की हे न्हाई. एक गाणं त्यांच्या मते रडकं होतं, एक समजतच नव्हतं, एक मुलाच्या कॉलेजात वाजायचं. नंतर गावोगावचे लोक मधे पडले. वालूरच्या एका बाईंनी काकांना परस्पर सल्ला दिला की गाणी पुरे, साडी घ्या. सेलूच्या एका निवृत्त मास्तरांनी स्त्रीस्वभावावर भाषण सुरू केलं. ते मला जाहिरात लावून तोडावं लागलं. कुणी काकांच्या बाजूने, कुणी काकूंच्या. पण भांडण कशावरून, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी मीच एके दिवशी काकूंना विचारलं. त्यांनीही आढेवेढे घेतले नाहीत. सांगायला कुणी विचारलंच नव्हतं, म्हणाल्या.

झालं होतं असं. जिंतूरला त्यांच्या कॉलनीत हळदीकुंकवाचा कार्यक्रम होता. करमणुकीला एक सूत्रसंचालक बोलावलेला. त्याने चार-पाच नवऱ्यांना पुढे बोलावलं आणि माइकवर बायकोच्या आवडीनिवडी विचारल्या. हे काका पुढे गेले. बायकोला काय खायला आवडतं, असं विचारल्यावर म्हणाले, "तिला काय बी चालतंय. काय बी खाती ती." सगळा मांडव हसला. सूत्रसंचालकाने त्यावर आणखी एक विनोद केला. काकू पण हसल्या. घरी येऊन त्यांनी सगळ्यांचं जेवणखाण उरकलं, भांडी घासली आणि सकाळी सोनपेठला जायला बसमध्ये बसल्या.

"तीस वर्सं झाली लग्नाला," त्या फोनवर म्हणाल्या. "म्हशीला बी काय आवडतं ते माहीत असतंय मानसाला."

हे सगळ्या जिल्ह्यात ऐकू गेलं. माझ्या समोरच्या काचेपलीकडे आमचा तंत्रज्ञ बसतो. तो एरवी मोबाइलवर क्रिकेट बघतो. त्याने मोबाइल उलटा ठेवला.

त्या संध्याकाळी परभणीच्या किती घरांत तो प्रश्न विचारला गेला, देव जाणे. आमच्या घरी मी विचारला. माझे यजमान शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे उत्तर येत नाही असं त्यांना कधी वाटतच नाही. त्यांनी ताटातून मान वर न करता सांगितलं, "वांग्याचं भरीत." भरीत त्यांना आवडतं. माझं वांग्याने तोंड खाजतं. हे मी बोलायच्या आत सासूबाई बोलल्या. इतकी वर्षं ही पोरगी वांगं ताटाच्या कडेला सारते ते तुला दिसत नाही का, म्हणून त्यांनी मुलाला चांगलं सुनावलं. सासूबाईंनी माझी बाजू घेतल्याचं दृश्य आमच्या घरात नवीन होतं. यजमान पुढे दोन दिवस माझ्याशी अपूर्णांकात बोलत होते.

इकडे मालकांच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. एका साडीच्या दुकानदाराने त्यांना गाठलं होतं. काका-काकूंना स्टुडिओत समोरासमोर बसवायचं, काकांनी बायकोच्या आवडीनिवडी बरोबर सांगायच्या, मग दुकानातर्फे साडी, मग गाणं, मग समेट. सगळं लाइव्ह. मूळव्याधीचे डॉक्टर सहप्रायोजक. मी म्हटलं, लोकांच्या संसारात आपण कशाला. मालक म्हणाले, संसार तेच घेऊन आले आपल्याकडे. काका लगेच तयार झाले. काकू नाही म्हणतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी थोडा विचार करून येते म्हणून सांगितलं. ती खोली कशी असते ते बघायचंय, एवढंच कारण दिलं.

ठरल्या दिवशी दोघं दोन दिशांच्या बसने आले. काका इस्त्रीचा शर्ट घालून, घामाघूम. काकू ठेंगण्या, सावळ्या, कपाळावर मोठं कुंकू. स्टुडिओत शिरल्यावर त्यांनी भिंतीवरचा काळा स्पंज दाबून बघितला आणि हे गादीचं आहे का, असं विचारलं. नवऱ्याकडे बघितलं नाही. साडीच्या दुकानातला सेल्समन खोका मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला होता. काचेपलीकडे तंत्रज्ञ आणि मालक.

लाल दिवा लागला. मी दोघांचं स्वागत केलं, प्रायोजकांचे आभार मानले आणि काकांना विचारलं, "तर काका, आता सांगा. काकूंना काय आवडतं?"

त्यांनी तयारी केली होती हे उघड दिसत होतं. ओठ हलत होते. मग एकदम हवा गेल्यासारखे खांदे पाडून ते म्हणाले, "लेकीला फोन केला तर ती म्हनली पुरनपोळी. लेकाला केला तर तो म्हनला शिरा. खरं सांगू का ताई, मला ठाऊक न्हाई." आणि काकूंकडे वळून म्हणाले, "तुलाच इचारतो आता. काय आवडतं गं तुला?"

काकूंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"मला बी ठाऊक न्हाई," त्या म्हणाल्या. "सोनपेठला भावजयीनं इचारलं, आक्का, आज तुमच्या आवडीचं करते, काय करू. मला सांगताच येईना. सगळ्यांचं झाल्यावर जे उरायचं तेच आवडायचं मला."

माझं काम बोलण्याचं, त्याचाच पगार मिळतो, पण मला शब्द सुचला नाही. रेडिओवर शांतता म्हणजे महापाप. गाडीचालकाला वाटतं रेडिओ बिघडला. काचेपलीकडे मालक हातवारे करायला लागले. घाबरलेल्या तंत्रज्ञाने हाताला जे बटण लागलं ते दाबलं आणि माझ्याच मखमली आवाजात सुरू झालं, "बसताना वेदना होतात? लाजू नका."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, स्पीकरकडे बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. आधी पदरात, मग उघड. काकाही हसायला लागले. मी टेबलावर डोकं टेकवून हसले. जाहिरात संपून माइक पुन्हा चालू झाला तेव्हा काकू डोळे पुसत होत्या. सेल्समनला वाटलं हाच तो क्षण. त्याने पुढे येऊन खोका उघडला. आत चटणी रंगाची साडी होती, सोनेरी काठाची.

"राहू द्या की. चालंल," काकू सवयीने म्हणाल्या. आणि मग थांबल्या. साडी बोटाने जरा बाजूला सारली. "न्हाई. हा रंग न्हाई आवडत मला."

ते लाइव्ह गेलं. दुकानाच्या नावासकट. मालकांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. सगळ्या खोलीत एकटे काका समाधानाने मान हलवत होते, जणू बरेच दिवस बंद असलेली मोटर हलकेच फिरली.

समेट वगैरे झाला नाही. काकू सोनपेठच्या बसने गेल्या, काका जिंतूरच्या. बसस्टँडवर दोघांनी मिळून उसाचा रस घेतला, एवढं काकांनी नंतर कळवलं.

साडीच्या दुकानदाराने त्याच दिवशी प्रायोजकत्व काढून घेतलं. मालकांनी माझ्यावर आवाज चढवला. असल्या आवाजाला आमच्या स्टेशनवर बंदी आहे, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. पण फोन थांबेनात. काकू आता आठवड्यातून दोन-तीनदा फोन करायच्या आणि काय आवडत नाही ते सांगायच्या. दोडका आवडत नाही, हे त्यांना भावाकडे कळलं होतं. गोड चहा आवडत नाही. दुपारी झोपलेल्या माणसाला उठवून बटाटे काय भाव आणले ते विचारणाऱ्या शेजारणी आवडत नाहीत. त्यांचं ऐकून बाकीच्या बायका सुटल्या. पाथरीची एक म्हणाली, नणंदेने दिलेलं घड्याळ तिला पहिल्यापासून आवडत नाही. साडी घ्या म्हणणाऱ्या वालूरच्या त्या बाईंनी सांगितलं की त्यांना स्वतःचं सासरचं नाव आवडत नाही, पण आता आधारकार्डावर आहे. आमच्या सासूबाईंनी सकाळच्या पोह्यांविरुद्ध जाहीर निवेदन दिलं. पुण्याच्या सल्लागाराने मालकांना निरोप पाठवला की हे सगळं फार नकारात्मक चाललंय, श्रोत्याची कॉफी कडू होतेय.

म्हणून एकदा मीच काकूंना म्हटलं, नावडतं पुष्कळ झालं, आता आवडणारं एक तरी सापडलं का?

त्यांनी गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवला.

"बँजो," त्या म्हणाल्या. "वरातीपुढं टेम्पोवर वाजतो तो. जवळून गेला की छातीत दणकतंय. माझ्या लग्नात आनला होता, पन मी आत मान खाली घालून बसलेली. त्याच्यानंतर बी कुन्याच्या लग्नात म्होरं जाऊन ऐकू दिलं न्हाई. बायामानसाला काय करायचंय म्हनायचे. लावता का तुमी?"

आमच्याकडे हजारो गाणी होती आणि त्यातलं एकही दणकणारं नव्हतं. तंत्रज्ञाच्या मोबाइलमध्ये त्याच्या चुलतभावाच्या वरातीचा व्हिडिओ होता. पण मालकांनी आधीच डोळे वटारलेले. तेव्हा ते आमच्या धोरणात बसत नाही, असं मला काकूंना सांगावं लागलं. बरं, म्हणून त्यांनी फोन ठेवला. काका त्या दिवशी फोनवर आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, कंटाळले.

मग एका दुपारी काकूंच्या भावाचा फोन आला. हे गृहस्थ गिरणी बंद करून बोलत होते, त्यावरून मामला गंभीर असणार हे मी ओळखलं. ते म्हणाले, "म्याडम, दाजी आलेत. टेम्पो घेऊन आलेत. लग्नाची तिथी न्हाई, काही न्हाई, आन् बँजो पार्टी आनलीय."

जिंतूरच्या बँजो पार्टीचे अॅम्प्लिफायर काकाच दुरुस्त करत असत. तिथी नसलेला दिवस बघून ते पार्टीला घेऊन भर उन्हात सासुरवाडीच्या दारात उभे राहिले होते. भावाला हसावं की रागवावं कळेना. गल्लीतले लोक विचारायला लागले होते, लग्न कुणाचं. मी तंत्रज्ञाकडे बघितलं. मालक जिनिंगवर गेले होते. तंत्रज्ञाने फोनचा आवाज वर सरकवला.

टेम्पोवरचा बँजो फोनमधून आला तेव्हा आमच्या यंत्रावरचे काटे पार लाल रेघेपलीकडे गेले. फाटका, किंचाळणारा, वर ताशाचा कडकडाट. 'थोडं हळू, थोडं हळवं' म्हणवणाऱ्या स्टेशनवरून त्या दुपारी सगळ्या जिल्ह्याला वरात ऐकू गेली. मी मधे एकदाही बोलले नाही. जे घडत होतं ते भाऊ ओरडून सांगत होते.

काकू पिठाने माखलेल्या हातांनी बाहेर आल्या. नवऱ्याकडे बघून काहीतरी बोलल्या, ते ऐकू आलं नाही. शिव्या असाव्यात, असा भावाचा अंदाज होता. काका हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन अॅम्प्लिफायरजवळ उभे होते. ते काही बोलायला पुढे झाले तर काकूंनी हाताने थांबवलं. सरळ चालत टेम्पोपुढे गेल्या आणि मोठ्या स्पीकरसमोर, हातभर अंतरावर, हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. गल्लीतल्या बायका दारात आल्या, मग अंगणात, मग रस्त्यावर. भावजय नाचली. काकू नाचल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहून ऐकत होत्या, डोळे मिटून. वाजवणारे थांबले की बोटाने खूण करायच्या, अजून.

पार्टीची बोटं दुखायला लागल्यावर काकूंनी सगळ्यांना चहा केला. काकांनी विचारलं, चलायचं का. टेम्पोत जागा होती.

"येते," काकू म्हणाल्या. "पन आज न्हाई. आज माझ्या कानात वाजायलंय ते वाजू द्या."

काका वाजवणाऱ्यांबरोबर परत गेले. संध्याकाळी मालकांना सगळं कळलं. त्यांनी मला आणि तंत्रज्ञाला समोर उभं करून बरंच सुनावलं. मग घरून त्यांच्या बायकोचा फोन आला. ते बाहेर जाऊन बोलून आले आणि त्यानंतर तो विषय निघाला नाही. तिने काय सांगितलं ते आम्ही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात काकू स्वतः बसने जिंतूरला परतल्या. हे मला काकांनीच फोन करून सांगितलं, तेही कार्यक्रमाच्या आधी, खासगीत. आवाजात आनंद होता आणि थोडा संकोच. दोडका बंद झाला होता, चहा बिनसाखरेचा झाला होता. काकूंनी दुकानातही लक्ष घालायला सुरुवात केली होती. दुपारी काका जेवायला गेले की गल्ल्यावर त्या बसायच्या.

मी म्हटलं, मग आज दोघांसाठी एखादं गाणं लावू का?

काकांनी घसा साफ केला. "ताई, राग मानू नका," ते म्हणाले. "दुपारचं तुमचं स्टेशन आता आमच्या दुकानात बंद हाय. तिला न्हाई आवडत."